काचेवर ठेवलेलं नाणं

परीक्षा संपल्याचं आमच्या शहरात कागदाच्या विमानांवरून कळतं. शेवटचा पेपर देऊन बाहेर पडलेली पोरं प्रश्नपत्रिकेची विमानं करतात आणि पुंडलिकनगरच्या रस्त्यावर दुपारभर ती रिक्षांच्या चाकांखाली येत राहतात. परवा असंच एक विमान माझ्या चपलेवर उतरलं. उलगडून पाहिलं, तर भूगोलाचा पेपर. 'मराठवाड्यातील पाणीटंचाईची कारणे लिहा.' प्रश्नाशेजारी पेन्सिलीनं बरोबरची खूण. या एका प्रश्नाचं उत्तर इथल्या कुठल्याही पोराला पाठ न करता येतं.

त्याच संध्याकाळी भाचीचा, तन्वीचा फोन आला. "मामा, पेपर संपले. आईनं नवा गेम आणलाय. रविवारी ये."

नवा गेम म्हणजे नवं कन्सोल. टीव्हीला जोडायचं, हातात रिमोटसारखं काहीतरी धरायचं आणि घरबसल्या जग जिंकायचं. ते बाजारात आल्यापासून पेपरात पानभर जाहिराती आहेत आणि दुकानांत नावं नोंदवून ठेवावी लागतायत. मला आनंद व्हायला हवा होता. झाला नाही. मी लगेच एका लेखाचा मथळा मनात जुळवला: 'घरात आलेल्या खेळानं बाजारातला खेळ मारला'. आमच्या घराण्यात मथळा आधी सुचतो, मग मजकूर, आणि विचार करायला कधीकधी राहून जातो.

ही सवय अण्णांची. माझे वडील छापखान्यात कामाला होते. दिवसा लग्नपत्रिका आणि पावतीपुस्तकं, संध्याकाळी स्वतःची पत्रकं. जयंतीची, मोर्चाची, विहारातल्या व्याख्यानाची, नळाला पाणी न आल्याच्या निषेधाची. आमच्या दोन खोल्यांत गोष्टीची पुस्तकं थोडी आणि पत्रकं फार. डाळ-तांदळाच्या डब्यांखाली पत्रकं, खिडकीच्या फुटक्या काचेवर पत्रक. मी वाचायला शिकलो तो 'बंधू आणि भगिनींनो' पासून. त्यामुळे अजूनही दूधवाल्याला चिठ्ठी लिहायची झाली तरी माझा सूर जरा चढतो.

त्या उन्हाळ्याकडं मी वारंवार परत जातो. अकरा वर्षांचा होतो. माझी बहीण सुजाता, माझी ताई, तेरा वर्षांची. पिठाच्या गिरणीला लागून रफिकभाईंचं व्हिडिओ गेम पार्लर होतं. पार्लर हे नावापुरतं. एक शटर, आत भिंतीला पाठ लावून उभी तीन लाकडी कपाटं. कपाटाच्या छातीवर काच, काचेआड पडदा, खाली दांडा आणि बटणं. गिरणीचं पीठ भिंतीतून झिरपून सगळ्यावर बसायचं. एका कपाटावर मारामारी चालायची, दुसऱ्यावर गाडी, तिसऱ्यावर विमान. तापलेल्या प्लायवूडचा, घामाचा आणि ज्वारीच्या पिठाचा मिळून एक वास होता. तो मला आजही कुठं अचानक आला, तर अंगठा आपोआप बटण शोधू लागतो.

रफिकभाई खुलताबादचे. रोज सकाळच्या बसनं यायचे. तिथल्या उरुसात एका कपाटावर त्यांनी धंदा सुरू केला होता, मग शहरात आले. त्यांच्या पार्लरला नियम एकच. खेळायचं असेल तर नाणं काचेच्या खालच्या कडेवर ठेवायचं. आधीच्या नाण्याच्या उजवीकडं. नाणं ठेवलं की नंबर लागला. मग तुम्ही बाहेर जाऊन पाणी पिऊन या, घरी जाऊन आईची हाक ऐकून या, नाणं तिथंच. जो जिंकेल तो उभा राहणार, जो हरेल तो बाजूला होणार, आणि कडेवरचं पुढचं नाणं आत जाणार. लोडशेडिंगनं वीज गेली, तर ज्याचा डाव मोडला त्याला वीज आल्यावर पहिला डाव.

हा नियम रफिकभाईंनी काढला असं त्यांना वाटायचं. आम्हाला तो जन्मापासून ठाऊक होता. टँकर यायच्या आधी गल्लीत रिकामे हंडे रांगेत ठेवतात ना, अगदी तोच. हंडा ठेवला की बाई घरात जाऊन भाकरी टाकू शकते. हंड्याला कुणी पाय लावत नाही. भांडणं पाण्यावरून होतात, नंबरवरून फार थोडी. मराठवाड्यात माणूस पाण्याशिवाय राहायला शिकतो, नंबराशिवाय नाही.

आमच्या घरचे हंडे ताई लावायची. मी नाणी लावायचो. या वाटणीत काही चुकतंय असं तेव्हा मला वाटलं नव्हतं, आणि घरात कुणालाच वाटलं नव्हतं.

पार्लरचा राजा होता गण्या. पडेगावहून सायकलवर यायचा. घरी मेंढ्या. थोरला भाऊ कळप घेऊन बाहेर गेला की गण्याला शहर मोकळं. तो मारामारीच्या कपाटासमोर उभा राहिला की पुंडलिकनगरच्या इंग्रजी शाळेतली पोरं त्याच्या मागं दाटीनं उभी राहून त्याची बोटं बघायची. "गण्या, ती उलटी लाथ कशी मारतो रे?" "मारत नाय, बसती," एवढंच तो म्हणायचा. त्याच्या चपलेला मेंढ्यांचा वास होता. तो वास येऊनही ती पोरं मागं सरकत नसत, कारण मागं सरकलं की दिसायचं नाही.

घरचा खेळ तेव्हा नव्यानं आला होता असं नाही. त्याआधीही काही घरांत कॅसेटवाले टीव्ही गेम होते. ठोकळ्यांची माणसं, सायकलच्या भोंग्यासारखा आवाज. त्या खेळांनी पार्लरचं काही बिघडवलं नाही, उलट गर्दी वाढवली. पोरं घरी ठोकळ्यांवर हात बसवायची आणि दुपारी पार्लरमध्ये येऊन खऱ्या चित्रावर आजमावायची. घर ही तालीम होती आणि पार्लर हा आखाडा. आज लोक सरळ सांगतात की कन्सोल आलं आणि पार्लर मेलं. इतकं सरळ ते नव्हतं. जोवर घरचं चित्र बाजारातल्या चित्रापेक्षा वाईट होतं, तोवर घरानं बाजाराला गिऱ्हाईकच पुरवलं.

त्या उन्हाळ्यात मंगेशच्या घरी जे आलं ते निराळं होतं. मंगेश माझ्याच वर्गात होता. त्याच्या वडिलांनी मुलगा पास होईल या भरवशावर आधीच कन्सोल आणून ठेवलं. त्यातला मारामारीचा खेळ पार्लरइतकाच देखणा होता, आणि वर हरलं तरी नाणं लागत नव्हतं. पहिल्या दिवशी आम्ही सगळे धावलो.

मंगेशची आई दारात उभी होती. वाईट बाई नव्हती, हे आधी सांगतो. "दोघंदोघंच आत या रे, फरशी आत्ताच पुसलीय. बाकीच्यांनी खिडकीतनं बघा," म्हणाली. मग एकेकाला विचारू लागली. तू कुणाचा? तू कुठं राहतो? माझी पाळी आली. "आडनाव काय रे तुझं?" मी सांगितलं. "बरं बरं," म्हणाली, आणि माझ्या मागच्याला आत घेतलं. गण्याला तर विचारलंही नाही. त्याच्या पायांकडं पाहिलं फक्त. आम्ही दोघं खिडकीच्या गजांना धरून उभे राहिलो. आत मंगेश गण्याकडं न बघता ती उलटी लाथ मारायचा प्रयत्न करत होता. बसत नव्हती.

"चल," गण्या म्हणाला. "इथं नंबर नसतोय."

घरी येऊन मी अण्णांना सांगितलं. अण्णा रागावले नाहीत. रागावण्याऐवजी ते कानावरची पेन्सिल काढायचे. दोन दिवसांत पत्रक छापून आलं, जयंतीच्या उरलेल्या निळ्या कागदावर. मला ते आजही तोंडपाठ आहे: 'परीक्षेच्या ओझ्याखालून मोकळ्या झालेल्या बालमित्रांनो! खेळ ही मूठभर घरांची मिरास नाही. रफिकभाईंच्या पार्लरमध्ये ना घर विचारले जाते, ना आडनाव. नाणे ठेवा, नंबर लावा. बंद दारांआडच्या खेळाला नकार द्या!'

रफिकभाईंना अण्णांनी त्याचा अर्थ हिंदीत समजावला. त्यांनी ते छातीशी धरलं. "भाईसाब, क्या लिखे तुमे. एकदम जोरदार." आणि पेपरवाल्याला सांगून पुंडलिकनगरच्या प्रत्येक घरात पेपरच्या घडीतून ते पत्रक गेलं.

आता एक गोष्ट अण्णांच्या ध्यानात आली नव्हती. पेपर पोरं उघडत नाहीत. पेपर आया आणि वडील उघडतात. पार्लरमध्ये येणारी निम्मी पोरं घरी ड्रॉइंगच्या क्लासला जातो म्हणून सांगत होती. सकाळी चहाबरोबर पालकांनी ते जोरदार पत्रक वाचलं आणि गिरणीशेजारी असं काही ठिकाण आहे, हे कित्येकांना पहिल्यांदा कळलं. वर्षानुवर्षांची एक सामुदायिक थाप अण्णांनी छापून घरपोच केली. त्या दुपारी पार्लर ओस पडलं. आणि पुढच्या आठवड्यात चार घरांत नवी कन्सोलं आली. 'काय खेळायचं ते घरात खेळ, पण तिकडं पाऊल टाकायचं नाही,' हा त्या खरेदीमागचा विचार. माझ्या वडिलांच्या पत्रकानं आयुष्यात सगळ्यात जास्त खप कशाचा वाढवला असेल, तर तो घरच्या खेळाचा.

रफिकभाई शटरखाली पाय सोडून बसले होते. "लिखे तो जोरदार थे," ते म्हणाले. "पर अम्मा लोगां पढ लिये ना."

पण एक वाचक असाही होता ज्याचा विचार अण्णांनी केला नव्हता.

भर दुपार. पार्लरमध्ये मी, गण्या आणि कॉलेजची दोन पोरं. दारात सावली पडली म्हणून वळून पाहिलं तर ताई. एका हातात ते निळं पत्रक, दुसऱ्या हाताची मूठ झाकलेली. कॉलेजच्या पोरांतला एक खोकला. मला वाटलं, आई आजारी पडली.

"काय झालं?" मी विचारलं.

"काय व्हायचंय? नंबर लावायचाय."

रफिकभाई उठून उभे राहिले. "इधर नक्को बेटी. इधर लडकां रहते."

"लडके तो टँकर पे भी रहते, चाचा," ताई म्हणाली.

रफिकभाईंनी माझ्याकडं पाहिलं, मी जमिनीकडं. गण्यानं दांड्यावरचा हात न काढता म्हटलं, "ठिवू द्या की चाचा. नंबर तं नंबर हाय."

ताईनं मूठ उघडली आणि नाणं कडेवर ठेवलं. माझ्या नाण्याच्या उजवीकडं. मग भिंतीला टेकून उभी राहिली, हंड्यांच्या रांगेत राहते तशी, घाई न करता. मी नेहमीसारखा लवकर हरलो. तिचं नाणं आत गेलं. गण्या तिला म्हणाला, "दांडा मुठीत आवळू नगा ताई. बोटानं धरा." तिनं बोटानं धरला. तरी गण्यानं तिला डोळ्याचं पातं लवायच्या आत लोळवलं. त्यानं जराही सवलत दिली नाही, हे मला तेव्हा दुष्टपणाचं वाटलं होतं. आता वाटतं, त्या दुपारी तिला मिळालेला सगळ्यात मोठा मान तोच होता.

"एवढंच?" ताई म्हणाली.

"एवढंच असतंय," गण्या म्हणाला. "पुन्हा ठिवा."

तिनं दुसरं नाणं ठेवलं. तिचा नंबर यायचा होता तेवढ्यात गल्लीच्या तोंडाशी टँकरचा हॉर्न वाजला. तिनं एकदा कपाटाकडं पाहिलं, एकदा माझ्याकडं. मी जागचा हललो नाही. हलायचं असतं हेच मला माहीत नव्हतं. "चाचा, हे राहू द्या. मी येते," म्हणून ती पळाली. पाणी उशिरापर्यंत चाललं, ती आली नाही. रफिकभाईंनी तिच्या नाण्यावर चिकटपट्टीचा तुकडा लावला. "ये सुजाता का नंबर. किसीने हात नै लगाना."

संध्याकाळी बातमी अण्णांच्या आधी घरी पोचली होती. अण्णांनी चपला काढल्या, हातपाय धुतले. मग म्हणाले, "तिथं आपल्या मुलींनी जायचं नसतं."

ताईनं निळं पत्रक त्यांच्या पुढ्यात ठेवलं. "तुम्हीच बोलावलंय."

"पत्रक लोकांसाठी असतं, सुजाता."

"मग मी लोकांत येत नाय का, अण्णा?"

अण्णांनी कानावरची पेन्सिल चाचपली. ती तिथं नव्हती. आई भाकरी थापता थापता म्हणाली, "द्या आता उत्तर. तोंडी सुचत नसंल तर छापून द्या."

दुसऱ्या दिवशी अण्णांनी छापखान्यातून दुपारची सुट्टी काढली, ताईबरोबर गिरणीपर्यंत आले आणि बाहेरच्या पायरीवर पेपर घेऊन बसले. आत ताईनं चिकटपट्टी काढली आणि आपलं नाणं आत टाकलं. पुढच्या काही दुपारी हेच चाललं. आत ताई हरत होती, बाहेर अण्णा तोच पेपर पुन्हा वाचत होते. मुलगी सार्वजनिक जागेत आली, पण बापाच्या पहाऱ्यात. त्याला विजय म्हणावं का, यावर मी पुढं अनेकांशी वाद घातलाय. ताईला विचारलं तर ती म्हणते, "मला डाव मिळाला. पहारा त्यांचा त्यांनी दिला."

मग रफिकभाईंनी शेवटचा उपाय केला. गिऱ्हाईक घरच्या खेळाकडं जातंय, तर घरचा खेळच इथं आणू. मारामारीचं कपाट त्यांनी विकलं आणि त्या जागी टीव्ही, कन्सोल आणि दोन प्लास्टिकच्या खुर्च्या मांडल्या. आता भाडं तासावर. ज्याला तास परवडतो तो शटर अर्धं ओढून बसणार, बाकीच्यांनी तो उठायची वाट बघायची. ताई नेहमीसारखी आली, नाणं टीव्हीवर ठेवलं. टीव्हीची पाठ उतरती; नाणं घसरून मागं वायरींच्या गुंत्यात पडलं. रफिकभाईंनी वाकून ते काढलं, पुसलं आणि तिच्या हातावर ठेवलं. "अब नंबर नै रहा बेटी. घंटा है." तिनं त्या नाण्याचा बर्फाचा गोळा खाल्ला. गण्यानं खुर्चीत बसून पाहिलं, पण उभं राहून खेळणाऱ्याचे हात बसल्यावर चालेनात. तो पुन्हा आला नाही.

शाळा उघडल्या तेव्हा शटर खाली होतं. नंतर तिथं मोबाइलचं रिचार्ज आलं, मग चष्म्याचं दुकान. रफिकभाई खुलताबादला परतले. दर्ग्याच्या वाटेवर त्यांचं फुलांचं आणि चादरींचं दुकान आहे. मागं एकदा भेटले, तर दाढी पांढरी झालेली, डोळे तेच. "क्या छोटे, अब्बा अब भी लिखते क्या?" म्हणाले आणि स्वतःच हसले.

हे सगळं लेखात कसं मांडायचं, ते माझं ठरलेलं होतं. बाजारातला खेळ सर्वांचा होता, घरच्या खेळानं त्याला भिंती घातल्या, आडनावं विचारली, शेवटी तासाचं भाडं लावलं. आवेश तयार होता. रविवारी पडेगावला ताईकडं जाताना मी वाक्यंही जुळवत होतो. तिचं घर नव्या प्लॉटिंगमध्ये आहे, जिथं पूर्वी गण्याच्या लोकांच्या मेंढ्या बसत असतील. रस्ते आखलेत, खांब आलेत, नळ अजून यायचाय. ताई आता एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये तंत्रज्ञ आहे. दिवसभर लोकांचं रक्त तपासते आणि संध्याकाळी म्हणते, सगळ्यांचं लालच निघालं.

चहा घेताना मी तिला माझा लेख तोंडी ऐकवला. ती ऐकत होती. मग म्हणाली, "चांगलंय. पण ती सर्वांची जागा म्हणतोस ना, तिथं मी किती दिवस होते?"

"थोडे," मी म्हणालो.

"आणि अण्णा पायरीवर. त्या गल्लीतली दुसरी एक पोरगी सांग, जिनं तो दांडा धरला." मी गल्लीतली घरं एकेक करून आठवू लागलो. "घरातला खेळ आला म्हणून कितीतरी पोरी खेळल्या, दादाचे डोळे चुकवून का होईना. मंगेशची बहीण खेळली. तुम्ही खिडकीबाहेर होता, ती आत होती. तिला विचार, पार्लर बंद झालं तेव्हा ती रडली का."

मंगेशला बहीण होती हे मला आठवायलाच वेळ लागला. खिडकीच्या गजांतून मी सगळं पाहिलं होतं, पुसलेली फरशी, टीव्ही, खुर्ची. ती मात्र दिसली नव्हती.

माझा मथळा तिथंच ढासळला. खरं सांगायचं तर पूर्ण ढासळला नाही. मंगेशच्या दारातला तो प्रश्न मी विसरणार नाही आणि विसरूही नये. भिंती खऱ्या होत्या. पण पार्लरलाही एक भिंत होती आणि तिच्या आतल्या बाजूला उभा असल्यामुळे मला ती जागा मोकळं मैदान वाटत होती.

तेवढ्यात तन्वी आली. "मामा, खेळणार ना? मग नाणं ठेव."

बैठकीत गेलो. दार सताड उघडं, उंबऱ्याबाहेर चपलांचा ढीग. गल्लीतली पोरं-पोरी जमिनीवर बसलेली, पडद्यावर तुंबळ युद्ध चाललेलं. टीव्हीखाली लाकडी कपाट, आणि कपाटाच्या कडेवर ओळीनं ठेवलेली नाणी. नंबर आला की नाणं ज्याचं त्याला परत. कुणाच्या खिशात नसेल, तर त्यासाठी ताईनं एका वाटीत सुटी नाणी ठेवलेली.

मी खिसे चाचपले. "नाणं कुठं असतं आता? फोननं देतो."

"आमच्याकडं फोन नाय चालत," तन्वी म्हणाली. "वाटीतलं घे. रांगेत शेवटी ठेव."

मी ठेवलं. माझ्या आधीचं नाणं कुणाचं म्हणून विचारलं, तर ताई हात पुसत आली आणि गालिच्यावर मांडी घालून बसली. हरलेला पोरगा बाजूला सरकला. तन्वीनं ताईचं नाणं उचलून तिच्या हातावर ठेवलं.

आणि बाहेर टँकरचा हॉर्न वाजला.

खोलीतल्या सगळ्यांनी सवयीनं ताईकडं पाहिलं. मीही. तिनं रिमोट बोटांत धरला होता, मुठीत नाही. नजर पडद्यावर होती.

"ड्रम मागच्या दारी आहेत," ती मला म्हणाली. "पाइप नीट धर, नायतर निम्मं पाणी सांडतं. माझा नंबर आलाय."

मी चपला शोधून बाहेर पडलो.